बुटाच्या जुन्या बकलाचे वय मागच्या बाजूने वाचा

इंग्लंडातल्या नांगरलेल्या शेतात मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्याला नाणी आणि गुंड्या यांच्या खालोखाल सापडतात ती बकले. त्यांत बुटाच्या बकलांचे, म्हणजे खरे तर त्यांच्या तुटक्या चौकटींचे, प्रमाण मोठे आहे. १६६० च्या सुमारास सुरू झालेली ही फॅशन १७९० नंतर ओसरली. या सव्वाशे-दीडशे वर्षांत सरदारापासून शेतमजुरापर्यंत जवळजवळ सगळ्यांच्या पायांत बकलाचे बूट होते. बकल बुटाला शिवलेले नसे. ते काढून दुसऱ्या जोडावर चढवता येई, आणि पकड सैल झाली की चिखलात पडून जाई. शिवाय शहरातला मैला आणि केरकचरा खत म्हणून गाड्या भरभरून शेतांवर जात असे, त्यातूनही बकले लांबवर पोचली. म्हणून शेतात बकल सापडले यावरून तिथे घर होते किंवा वाट होती असा निष्कर्ष काढू नये, आणि शेजारी सापडलेल्या नाण्यावरून बकलाचे वय तर मुळीच ठरवू नये. नांगराने वरचा थर शेकडो वेळा उलथापालथा केलेला असतो.

बकल हाती आले की नजर आधी नक्षीवर जाते आणि बहुतेकांची चूक तिथूनच सुरू होते. एकच नमुना पुन्हा पुन्हा साच्यात ओतला जाई, जुनी फॅशन खेड्यात वीस-तीस वर्षे टिके, आणि एकोणिसाव्या शतकात अठराव्या शतकाच्या नकला मुद्दाम केल्या गेल्या. मागची यंत्रणा मात्र चामडे कसे पकडायचे या गरजेतून बदलत गेली, आणि ते बदल बऱ्यापैकी ठरावीक काळात झाले. म्हणून क्रम असा ठेवा: बकल बुटाचेच आहे का, मधली सळई कशी आहे, चेप (पट्ट्यात अडकून बकल धरून ठेवणारा मागचा तुकडा) कोणत्या जातीचा आहे, माप आणि बाक किती, धातू कोणता. नक्षी सर्वांत शेवटी.

जमिनीतून काढताना

बकल बहुधा मिश्र धातूंचे असते: चौकट पितळेची किंवा काशाची, आतली सळई आणि काटे लोखंडाचे. त्यामुळे डिटेक्टरचा आवाज एका जागी ठरत नाही. एका दिशेने फिरवले की स्वच्छ उंच सूर लागतो, काटकोनात फिरवले की लोखंडाची खरखर येते. लोखंड वगळण्याची सेटिंग फार कडक ठेवली तर अख्खी, चेपासकट असलेली बकलेच नेमकी हातची जातात आणि नुसत्या मोकळ्या चौकटी तेवढ्या मिळतात. सेटिंग सैल ठेवा आणि संशयास्पद सूर दोन दिशांनी तपासा.

मातीचे ढेकूळ फोडताना बकल बोटांनी ओढू नका. गंजलेला चेप चौकटीला केवळ गंजाच्या आधाराने चिकटलेला असतो, एका ओढीत तो भुगा होतो आणि वय सांगणारा सर्वांत चांगला पुरावा तिथेच संपतो. ढेकळासकट डब्यात ठेवून घरी न्या. चौकट रिकामी निघाली तर त्याच खड्ड्यातली आणि उपसलेली माती पुन्हा एकदा तपासा. काटे सुटे पडलेले असू शकतात. नांगराच्या थराखालची, न हललेली माती लागली तर खणणे थांबवा. तिथे वस्तू मूळ जागी असू शकते आणि ते काम पुरातत्त्व जाणणाऱ्यांचे आहे.

रचना समजून घ्या

बुटाच्या दोन्ही बाजूंनी चामड्याचा एकेक लांब पट्टा निघून पायाच्या उंचवट्यावर एकमेकांवर येई. बकलाची बाहेरून दिसणारी कड म्हणजे चौकट. चौकटीला आरपार जोडणारी दांडी म्हणजे सळई. सळईवर मागच्या बाजूने दोन तुकडे बिजागरीसारखे फिरतात. खालच्या पट्ट्यात अडकून बकल जागेवर धरून ठेवतो तो चेप, आणि वरून ओढून आणलेल्या पट्ट्यात घुसतो तो काटा. अठराव्या शतकात हा काटा बहुधा दोन टोकांचा असतो, म्हणून त्याला दुशिंगी काटा म्हणू. सळई आणि चेप यांची घडण नीट पाहता येऊ लागली की निम्मे काम झाले.

हे बुटाचेच आहे का?

पहिली कसोटी बाकाची. बकल सपाट टेबलावर ठेवून बाजूने पाहा. अठराव्या शतकातल्या बुटाच्या बकलाला पायाच्या उंचवट्यावर बसण्यासाठी कमानीसारखा बाक असतो. अगदी सपाट आणि जाड चौकट बहुधा घोड्याच्या सामानाची असते. तिच्यात मधली दांडी चौकटीसोबतच ओतलेली आणि चांगली भक्कम असते, काही वेळा एका कडेवर फिरणारी नळी असते.

दुसरी कसोटी सळईच्या दिशेची. पट्टे पायावर डावीकडून उजवीकडे जातात, त्यामुळे बुटाच्या बकलात सळई चौकटीची रुंदी जिथे कमी तिथे, म्हणजे आखूड बाजूला समांतर असते. गुडघ्याखाली विजारीचा पट्टा आवळणारे बकल यापेक्षा लहान असते, पायावर उभे बसते, आणि त्याची सळई लांब बाजूला समांतर असते. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी गुडघ्याची आणि बुटाची बकले बहुतांशी वेगळी काढता येतात. गुडघ्याच्या बकलाचा चेप बहुधा जहाजाच्या नांगराच्या आकाराचा असतो.

मानेभोवतीच्या पट्टीचे बकल उभट असते. त्याच्या एका बाजूला तीन-चार बारीक घुंड्या असतात, ज्या पट्टीच्या काजांत अडकत, आणि दुसऱ्या बाजूला काटे. टोपीच्या बकलाला चेप नसतोच, मधल्या दांडीवर एकच जीभ असते. घोडेस्वाराच्या टाचेला लावायच्या लोखंडी आराच्या पट्ट्याची बकले फार लहान, दोन कड्यांची असतात आणि सतराव्या शतकातल्या बुटाच्या बकलांशी त्यांची गल्लत सहज होते. तुकडा लहान असेल तर ‘बुटाचे किंवा आराचे’ असे लिहिण्यात कमीपणा नाही.

आणखी एक वस्तू नवशिक्यांना हमखास चकवते: पातळ पत्र्याची, दोन-तीन दातांची, ‘पॅरिस’ किंवा ‘सोलिड’ अशी अक्षरे असलेली पट्टी. ती विजार किंवा जाकिटाच्या मागच्या पट्ट्याची, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली किंवा त्यानंतरची आहे. बुटाशी तिचा संबंध नाही.

सळई: सर्वांत पहिला कालनिर्णय

सळई चौकटीसोबत एकाच ओतकामात आलेली आहे की वेगळी घालून बसवलेली आहे, एवढे भिंगातून पाहा. दहापट मोठे दाखवणारे सोनाराचे भिंग पुरे.

एकसंध दांडी असेल तर बकल बहुधा १७२० च्या आधीचे. दोन लंबगोल जोडल्यासारखी, चष्म्याच्या आकाराची बकले साधारण १३५० ते १६५० या काळातली, आणि त्यांतली बहुसंख्य १५०० नंतरची आहेत. ती बूट, पट्टे आणि आर या सगळ्यांसाठी वापरात होती. दोन समलंब चौकोन पाठीला पाठ लावल्यासारखी, कडेला बारीक घुंड्या असलेली बकले साधारण १५७५ ते १७०० मधली. याहूनही जुनी, चौदाव्या-पंधराव्या शतकातली बुटाची बकले गोल आणि इतकी लहान, जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरची, असतात की पुष्कळदा अंगठी किंवा कडी समजून टाकून दिली जातात. त्यांत शिसे-कथलाच्या मिश्रणाची बकलेही सापडतात, विशेषतः थेम्सच्या चिखलात, कारण चिखलात हवा पोचत नाही आणि मऊ धातू टिकतो.

सळई वेगळी असेल, म्हणजे चौकटीच्या दोन समोरासमोरच्या बाजूंना भोके पाडून तिच्यात दांडी ओवलेली असेल, तर ते १६६० नंतरचे. सॅम्युएल पीप्सने आपल्या रोजनिशीत १६६० च्या जानेवारीतल्या २२ तारखेला बुटांना बकले लावायला सुरुवात केल्याची नोंद केली आहे. नवी फॅशन नेमकी तेव्हा रुळत होती. सळई निघून गेलेली असली तरी चौकट बोलते. भोकांपाशी चौकट थोडी जाड केलेली असते. भोकाच्या कडेला तपकिरी-नारिंगी डाग असेल तर सळई लोखंडाची किंवा पोलादाची होती. भोकात हिरवा थर आणि डाग मुळीच नाही, तर ती तांब्याच्या मिश्रधातूची असण्याचा संभव अधिक. टाचणीने भोक कोरून पाहू नका. गंजाचा कण हाच पुरावा आहे.

चेप: इथे वेळ द्या

सगळ्या बकलात याहून बोलका भाग नाही, आणि सर्वांत जास्त हरवतो तोही हाच.

१६६० ते १७२० च्या टप्प्यात चेप बहुधा तांब्याच्या मिश्रधातूचाच ओतीव असे आणि चौकट लहान. त्यांत तीन जाती वारंवार दिसतात. पहिल्या जातीत चेपाच्या टोकाला छत्रीसारख्या डोक्याची खुंटी असते, जी पट्ट्यातल्या काजात गुंडीसारखी बसे. ही जात १७२० नंतर जवळजवळ दिसत नाही. दुसऱ्या जातीत चेप जहाजाच्या नांगरासारखा दोन बाजूंना फाकलेला असतो. ही जात बुटावर लवकरच्या काळातली, पण गुडघ्याच्या बकलांवर अठराव्या शतकभर चालू राहिली. म्हणून नांगर दिसला की आधी सळईची दिशा पुन्हा तपासा. तिसऱ्या जातीत चेप साध्या कडीसारखा असतो आणि पट्टा तिच्यातून जातो. ती १६९० च्या सुमारास दिसू लागते आणि पुढेही रेंगाळते, त्यामुळे एकट्या कडीवरून १७२० ही सीमारेषा ओढता येत नाही.

१७२० च्या आसपास मोठा बदल झाला. चेपाची कडी रुंद होऊन तिला आतल्या अंगाला अणकुचीदार दात आले, जे खालच्या पट्ट्यात सरळ रुतत. वरच्या पट्ट्यासाठी समोरून दुशिंगी काटा आला. आता पट्ट्याला काज पाडण्याची गरज उरली नाही, आणि एकच बकल कुठल्याही जोडावर बसू लागले. ही रचना १७२० ते १७९० या संपूर्ण काळात राज्य करते. चेप आणि काटे आता मुख्यतः लोखंड-पोलादाचे झाले, कारण रुंद पट्टा ताणून धरायला पितळ कमजोर पडते. शेतात मिळणाऱ्या अठराव्या शतकातल्या बहुतेक चौकटी रिकाम्या असतात त्या यामुळेच: चौकट टिकली, पोलाद गंजून गेले.

१७७० नंतर चेपांवर पेटंट घेण्याची चढाओढ लागली: स्प्रिंगवर दबणारे, खटक्याने मिटणारे, चामड्याला भोक न पाडता नुसते दाबून धरणारे. चेपाच्या पाठीवर ‘पेटंट’ हा शब्द किंवा बनवणाऱ्याचे नाव ठशाने उमटवलेले दिसले तर काळ अठराव्या शतकाच्या शेवटच्या तीस वर्षांत आणता येतो. अक्षरे दिसत नसतील तर विजेरी अगदी आडवी धरून प्रकाश एका कडेने सोडा. सावल्यांनी ती उठून दिसतात. घासून अक्षरे आणण्याचा प्रयत्न केला तर उरलीसुरलीही जातात.

माप आणि बाक

डिजिटल कॅलिपरने चार मापे घ्या: चौकटीची लांबी, रुंदी, कडेची जाडी, आणि टेबलापासून कमानीच्या सर्वांत उंच बिंदूपर्यंतची उंची. वजन ०.१ ग्रॅमपर्यंत.

काळ पुढे सरकतो तशी चौकट वाढते. १६६० ते १७२० मधल्या चौकटी साधारण २० ते ४० मिलिमीटरच्या आणि सपाट किंवा जेमतेम वाकलेल्या. पुढच्या पन्नास वर्षांत ३५ ते ६० मिलिमीटर आणि स्पष्ट बाक. १७७० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या काउंट द’आर्त्वाच्या नावाने ओळखली जाणारी प्रचंड बकले आली. हाच पुढे दहावा चार्ल्स म्हणून गादीवर आला. ही बकले ७०, ८०, कधी त्याहून अधिक मिलिमीटर रुंद असून पाऊल दोन्ही बाजूंनी वेढतील इतकी वाकलेली असतात. मात्र लहान म्हणजे जुने असे उलट वाचू नका. मुलांच्या बुटांची बकले प्रत्येक काळात लहानच असत, आणि स्त्रियांची पुरुषांपेक्षा बहुधा छोटी. लहान चौकटीला १७२० नंतरचा लोखंडी डाग आणि खोल बाक असेल तर ती लहान पायाची समजावी.

नांगराने सपाट झालेले बकलही पुष्कळदा मिळते. कडेवर आडव्या बारीक तडा आणि आतल्या अंगाला सुरकुत्या दिसल्या तर बाक नंतर गेलेला आहे. पुन्हा वाकवायला जाऊ नका. जमिनीत शतके काढलेले पितळ ठिसूळ असते, मधूनच मोडते.

धातू आणि मुलामा

बहुसंख्य चौकटी तांब्याच्या मिश्रधातूच्या ओतीव असतात, आणि त्यांतल्या कितीतरी मूळच्या पिवळ्या दिसत नव्हत्या. चांदीचा भास व्हावा म्हणून त्यांना कल्हई केलेली असे. नक्षीच्या खोबणीत, सळईच्या भोकांभोवती आणि पाठीवर राखाडी-पांढऱ्या चकाकीचे ठिपके शोधा. वायर ब्रश किंवा व्हिनेगर यांनी सर्वांत आधी जाते ती ही कल्हई.

सोन्यासारखा दिसणारा पण सोने नसलेला धातू म्हणजे पिंचबेक, तांबे आणि थोडे जस्त यांचा मेळ. तो लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरचा घड्याळजी क्रिस्टोफर पिंचबेक याच्या नावाने ओळखला जातो. तो १७३२ मध्ये वारला. तांब्याच्या पत्र्यावर चांदी चढवून एकत्र लाटण्याची शेफिल्डची पद्धत टॉमस बोल्सोव्हरने १७४० च्या दशकात शोधली. कडेला किंवा झिजलेल्या उंचवट्यावर तांबूस रेघ दिसली तर या पद्धतीची शक्यता धरा, आणि मग काळ १७५० च्या मागे नेऊ नका. विजेने दिलेला मुलामा असेल तर १८४० नंतरच. या पद्धतीचे एल्किंग्टनचे पेटंट त्या वर्षीचे आहे. अशा मुलाम्याचा थर खोबणीतही तितकाच सारखा बसलेला असतो.

काचेचे खडे जडवलेली चौकट साधारण अठराव्या शतकाच्या मध्यापासून पुढची. खड्यामागे चमकीचा पातळ वर्ख असतो. अशा बकलाला पाण्याचा थेंबही लागू देऊ नका. वर्ख काळा पडतो आणि खडा कायमचा मेल्यासारखा दिसतो.

चांदी आहे का, हे ठरवायला घासू नका, घनता काढा. मात्र लोखंडी चेप चिकटलेला असेल किंवा खडे असतील तर ही चाचणी करायची नाही. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या वजनकाट्यावर आधी कोरडे वजन घ्या. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करा, चौकट दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून लटकती धरा, तळाला वा कडेला टेकू देऊ नका, बुडबुडे मऊ कुंचल्याने काढा. आता काटा जेवढे ग्रॅम दाखवतो तेवढे घन सेंटिमीटर आकारमान. कोरड्या वजनाला त्याने भागा. उदाहरणार्थ १४.४ ग्रॅमला १.४ ने भागले की १०.३ येते, ते स्टर्लिंग (९२.५ टक्के शुद्ध) चांदीच्या जवळचे. पितळ ८.४ ते ८.७. जस्ताचे आधुनिक ओतकाम ७ च्या आसपास. शिसे जास्त असलेले शिसे-कथलाचे मिश्रण चांदीच्या आकड्याला भिडू शकते, पण ते नखाने दबण्याइतके मऊ आणि निस्तेज राखाडी असते.

चांदीच्या चौकटीच्या पाठीवर ठसे शोधा. चालता सिंह म्हणजे स्टर्लिंग दर्जा. बसलेली ब्रिटानिया ही स्त्रीप्रतिमा दिसली तर तिचा सक्तीचा काळ १६९७ ते १७२०. जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम. तिथले आणि शेफिल्डचे चांदीची शुद्धता तपासणारे कार्यालय १७७३ मध्ये सुरू झाले, म्हणून नांगर त्याआधीचा नाही. राजाच्या मस्तकाचा ठसा डिसेंबर १७८४ मध्ये कर भरल्याची खूण म्हणून आला. तो पहिल्या दीड-दोन वर्षांत धातूत खोल खचवलेला आणि १७८६ पासून उठावदार असतो, त्यामुळे एवढ्या एका ठशाने काळ फार घट्ट होतो. बकलांवर पुष्कळदा बनवणाऱ्याची आद्याक्षरे आणि सिंह एवढेच सापडते, वर्षाचे अक्षर नसते. ठसे नाहीत म्हणून चांदी नाही, असे म्हणता येत नाही.

नक्षी, आणि १७९० नंतरचे

आता पुढची बाजू पाहा. १७२० आधीच्या लहान चौकटींवर घुंड्या, पाने, साधे उंचवटे. १७४० ते १७७० मध्ये रोकोको या सजावटशैलीचा जोर: शिंपले, वेडीवाकडी वळणे, डाव्या-उजव्या बाजू न जुळणारे आकार. १७७० नंतर अभिजात ग्रीक-रोमन वळण: लंबगोल, मण्यांची रांग, समांतर रेघा, जाळीदार कापकाम. हे मागच्या बाजूने काढलेल्या काळाशी जुळले तर उत्तम. जुळले नाही तर मागच्या बाजूचे माना.

पैलू पाडलेल्या पोलादी टिकल्यांची बकले हा वेगळा विषय आहे. अठराव्या शतकात वुडस्टॉक आणि बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी प्रत्येक टिकलीला हाताने अनेक पैलू पाडून ती एकेक बसवली. एकोणिसाव्या शतकातल्या नकलांत पैलू कमी होतात आणि पुढे पुढे टिकल्यांची अख्खी पट्टीच एका ठशात दाबलेली दिसते. पाठ उलटून पाहा: सुटी टिकली असेल तर तिच्या मागे खिळ्याचे शेपूट दिसते. नांगरटीच्या मातीत ही बकले बहुधा गंजाचा गोळा होऊन येतात.

१७८९ नंतर फ्रान्समध्ये बकले उमरावी थाटाची खूण ठरली आणि बुटांच्या नाड्यांनी त्यांची जागा घेतली. १७९१ च्या अखेरीस बर्मिंगहॅम, वॉल्सॉल आणि वुल्व्हरहॅम्प्टनच्या बकल कारागिरांनी प्रिन्स ऑफ वेल्सकडे अर्ज केला की हजारो हात रिकामे झाले आहेत. त्याने आपल्या लोकांना बकले वापरायला सांगितले, तरी नाड्यांपुढे काही चालले नाही. दरबारी पोशाखात बकले राहिली, आणि १८६० नंतर स्त्रियांच्या बुटांवर शोभेची म्हणून परतली. ही नंतरची बकले ओळखायला सोपी: पाठ सपाट, शिवण्यासाठी कडेला भोके किंवा दुमडायच्या पत्र्याच्या जिभा, काम करणारा काटा नाही, पत्रा पातळ आणि ठशाने दाबलेला. ऐतिहासिक पोशाखाच्या हौशी मंडळींसाठी आज बनणारी बकले जवळून पाहिल्यावर उघडी पडतात: साच्याच्या जोडाची रेघ घासलेली नसते, सळई अगदी एकसारख्या जाडीच्या तारेची असते आणि झिजेचे कोपरे कुठेच गोल झालेले नसतात.

एक उदाहरण पूर्ण सोडवून

समजा अर्धी चौकट आहे. उरलेला भाग ४८ मिलिमीटर उंच, मूळ लांबी अंदाजे ६०. बाक ठळक. आखूड बाजूला समांतर सळईचे एक भोक, कडेला नारिंगी डाग. खोबणीत कल्हईचे ठिपके. नक्षी शिंपल्याची. वाचन असे करा: बाक आणि सळईची दिशा, म्हणून बुटाचे. वेगळी सळई, म्हणून १६६० नंतरचे. लोखंडी सळई, माप आणि बाक, म्हणून १७२० ते १७९०. माप आर्त्वा वळणाइतके मोठे नाही आणि नक्षी रोकोको, म्हणून १७४० ते १७८० अधिक संभाव्य. नोंदीत ‘१७२० ते १७९०, बहुधा १७४० ते १७८०’ असे दोन्ही लिहा. तुटक्या चौकटीला एकच वर्ष चिकटवणे बरोबर नाही. पुढे कोणी चेपासकट तसाच नमुना दाखवला तर तुमची व्यापक नोंद टिकते, नेमकी तारीख कोसळते.

स्वच्छता, साठवण, नोंद

सावलीत हळूहळू वाळू द्या, मग लाकडी दातकोरणी आणि मऊ कुंचल्याने सुटी माती काढा. एवढेच. लिंबू, चिंच, व्हिनेगर, टूथपेस्ट, बॅटरीवरचे विद्युत-विश्लेषण, यांतले काहीही नको. घरातल्या पितळेच्या भांड्याला चिंच चालते, कारण तिथे खालचा धातू निरोगी असतो. इथे हिरवा थर काढला की खड्डे उरतात आणि बारीक नक्षी थरासोबत जाते. फिकट हिरवी, पावडरसारखी सुटणारी भुकटी दिसली तर क्लोराइडमुळे होणारी झीज चालू आहे. ते बकल लगेच हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत, इतरांपासून वेगळे ठेवा. लोखंडी चेप असलेल्या प्रत्येक बकलालाही सिलिका जेल हवेच. पुठ्ठ्याची खोकी आणि सागवानी वा ओकचे कप्पे टाळा; त्यांतून सुटणारी आम्लयुक्त वाफ शिसे-कथलाला खाते. छिद्रे पाडलेली पॉलिथीनची पिशवी, आम्लविरहित कागद आणि घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा ही सोय स्वस्त आणि पुरेशी आहे.

छायाचित्रे तीन तरी हवीत: पुढून, मागून, कडेने, तिन्हींत मोजपट्टी. मागची बाजू वगळलेले छायाचित्र कालनिर्णयाला निरुपयोगी आहे. जागेसाठी नकाशावरच्या ब्रिटिश राष्ट्रीय जाळीचा आठ अंकी संदर्भ लिहा, तो १० मीटरपर्यंत नेमका असतो.

कायदा, आणि तिथे १७२० चे महत्त्व

इंग्लंड-वेल्समध्ये जमीनमालकाची परवानगी हवी, संरक्षित स्मारकांवर सरकारी संमतीविना डिटेक्टर चालवता येत नाही, आणि थेम्सच्या काठासाठी लंडन बंदर प्राधिकरणाचा परवाना लागतो. १९९६ च्या ट्रेझर कायद्यानुसार ३०० वर्षांहून जुनी आणि वजनाने किमान १० टक्के सोने वा चांदी असलेली वस्तू सापडल्यापासून, किंवा ती तशी असल्याचे लक्षात आल्यापासून, १४ दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा सापडलेल्या वस्तूंची चौकशी करणाऱ्या न्यायिक अधिकाऱ्याला, कळवावी लागते. म्हणजे चांदीच्या चौकटीला खुंटीचा चेप असेल तर ती कळवायलाच हवी, आणि दुशिंगी काटा असेल तर बहुधा नाही. ही दरी सध्या नेमकी १७२० च्या दशकातून जाते, म्हणून सीमेवरची चांदीची बकले स्वतः निवाडा न करता दाखवून घ्या. २०२३ च्या दुरुस्तीनंतर २०० वर्षांहून जुनी, असाधारण महत्त्वाची धातूची वस्तूही या कक्षेत येऊ शकते. साध्या पितळी बकलांची नोंद पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या पुरावस्तू नोंदवण्याच्या योजनेच्या स्थानिक अधिकाऱ्याकडे ऐच्छिक आहे, पण जरूर करा. बकलांचे कालखंड इतके नेमके झाले त्यात अशा नोंदींचा मोठा वाटा आहे. स्कॉटलंडमध्ये नियम वेगळा: सापडलेली प्रत्येक पुरावस्तू कळवावी लागते. उत्तर आयर्लंडमध्ये पुरावस्तूंसाठी खणायलाच परवाना हवा.

हे वाचून वसईच्या (बेसीनच्या) किल्ल्याच्या परिसरात किंवा एखाद्या जुन्या छावणीच्या माळावर डिटेक्टर घेऊन जाण्याचा विचार मनात येत असेल तर तो सोडून द्या. संरक्षित स्मारकात परवानगीविना खणणे १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. भारतात १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. आणि शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकत असल्याने १९७२ च्या कायद्याप्रमाणे खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. ब्रिटनमधून गावी येताना तिथली बकले बरोबर आणणार असाल तर तिथल्या नोंदीची छापील प्रत आणि जमीनमालकाचे पत्र सामानात ठेवा. परत नेताना ती वस्तू बाहेरून आलेली आहे हे दाखवायला तेच कागद लागतील.